शेवटचं कडवं कोण ऐकतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. कॉलेजच्या एका कार्यक्रमात निवेदन माझ्याकडं होतं. मास कॉमची पोरगी दिसली की तिच्या हातात माईक द्यायचा, असा एक अलिखित नियम सगळीकडंच असतो. आमच्याच वर्गातल्या ग्रुपनं एक भीमगीत बसवलं होतं. हार्मोनियम, ढोलकी, मागं सात-आठ जणांचा कोरस, एकदम कडक. माझ्या हातातल्या कागदावर गाण्यापुढची गीतकाराची जागा रिकामी होती. मी क्षणभर अडखळले आणि बिनधास्त बोलून गेले, "आता सादर होत आहे, एक पारंपरिक लोकगीत!"

गाणं झालं. टाळ्या, शिट्ट्या, वन्समोअर. विंगेत आले तर ढोलकीसाठी बाहेरून बोलावलेले काका घाम पुसत बसले होते. मला म्हणाले, "बाळ, पारंपरिक न्हवं ते. वामनदादांचं हाय. शेवटच्या कडव्यात नाव आलं की त्यांचं. ऐकलं न्हाईस?"

नव्हतं ऐकलं. शेवटचं कडवं चालू असताना मी पुढच्या आयटमची चिठ्ठी शोधत होते.

काका रागावले नव्हते. त्यांना बहुतेक याची सवय झाली असावी. मला मात्र ते लागलं. कारण १४ एप्रिलला मी दरवर्षी बिंदू चौकात जाते. वामनदादांची गाणी मला पाठ आहेत, निदान पहिली दोन कडवी तरी. त्यावर मी नाचलेय, स्टेटस ठेवलेत. आणि तरी ती कुणी लिहिली हे मला माहीत नव्हतं. बरं, ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर दहा-बारा जणांना विचारलं. गाणं सगळ्यांना माहीत. गायकाचं नाव चौघांनी सांगितलं, त्यातही तीन नावं वेगवेगळी. गीतकार? "ए भावा, जुनं गाणं हाय ते, कुणी लिवलं काय म्हाईत!"

सही करायला शिकलेला माणूस

तर आधी वामनदादांविषयी. वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे गाव. घरात शिक्षणाचा पत्ता नाही. पोट भरायला मुंबई गाठली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. मिळेल ते काम केलं. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. डोक्यात मात्र सिनेमाचं वेड. आपणही पडद्यावर दिसावं असं त्या काळातल्या हजारो पोरांना वाटायचं, तसं यांनाही वाटायचं.

चाळीतल्या एका माणसानं त्यांच्याकडं पत्र आणून दिलं, जरा वाचून दाखव म्हणून. वामनदादांना वाचता येत नव्हतं. ही लाज त्यांच्या जिव्हारी लागली, ते रडले. नंतर वस्तीतल्या एका मास्तरांकडून बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवायला लागले. वय तेव्हा विशीच्या आसपास. म्हणजे आपण ज्या वयात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला 'केटी लागली' म्हणून रडतो, त्या वयात हा माणूस 'क'ला काना 'का' गिरवत होता.

१९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं. ते होतं एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. चाळीतल्या लोकांना हसवायला केलेलं. लोक हसले आणि या माणसाला कळलं की आपल्याला शब्द वळतात. त्याच सुमारास मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाहिलं, ऐकलं आणि मग या शब्दांना दिशा मिळाली. ती थेट शेवटपर्यंत. पुढची साठेक वर्षं वामनदादा गाणी लिहीत आणि गात राहिले. गावोगावच्या वस्त्यांमध्ये, कधी कंदिलाच्या उजेडात, कधी मिळेल त्या माईकवर. संख्या हजारोंत सांगतात. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' असे संग्रह आहेत. १९९३ मध्ये वर्ध्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी ते गेले.

हे करिअर आपल्या व्याख्येत बसवून बघा. स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा, स्वतःच टूर करणारा कलाकार. आज आपण याला 'सिंगर-साँगरायटर' म्हणतो, 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' म्हणतो, आणि गिटार घेऊन कॅफेत गाणाऱ्याला फॉलो करतो. वामनदादांनी हे सगळं मॅनेजर, लेबल, स्टुडिओ यांतलं काही नसताना केलं. त्यांचा प्लॅटफॉर्म म्हणजे समाजमंदिरासमोरचा पार. आणि विषय? फक्त जयंतीची स्तुतिगीतं नव्हेत. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठं आहे, असं बड्या भांडवलदारांची नावं घेऊन विचारणारं गाणं त्यांनी लिहिलं. स्वतःच्या माणसांनाही सोडलं नाही. बाबासाहेबांचं नाव घेता पण त्यांच्या विचारानं वागता का, हे त्यांनी जयंतीच्याच स्टेजवरून विचारलं. आपल्याच ऑडियन्सला आरसा दाखवायला किती हिंमत लागते, हे स्टेजवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

नाव कुठं लपवलं होतं?

आता मुद्द्याचं. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हा शब्द येतो. याला नाममुद्रा म्हणतात. ही काही त्यांनी शोधलेली युक्ती नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'म्हणे जनी' हे आपण लहानपणापासून ऐकतोय. पेशवाईतल्या शाहिरांनीही तेच केलं. होनाजी बाळा हे तर आपल्याला एकाच माणसाचं नाव वाटतं. प्रत्यक्षात होनाजी लिहायचा आणि बाळा गायचा. लिहिणारा आणि गाणारा, दोघांचीही नोंद त्या एका नावात राहिली.

ही पद्धत का आली असेल? कारण गाणं तोंडातोंडी फिरायचं. कागद नाही, छापखाना नाही, कॅसेट नाही. गाणं एका गावातून दुसऱ्या गावात गेलं की रचणारा मागं राहायचा. म्हणून त्यानं आपलं नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं, सदऱ्याच्या आत टेलर आपलं लेबल शिवतो तसं. गाणारा कुणीही असो, शेवटपर्यंत गायला की नाव आपोआप घेतलं जाणार. शेकडो वर्षं चाललेली ही एकदम फूलप्रूफ व्यवस्था होती.

ती आपल्या पिढीनं मोडली, आणि तेही कुठलाही वाईट हेतू नसताना. रील असते तीस सेकंदांची, त्यात ध्रुपद आणि फार तर अर्धं कडवं बसतं. डॉल्बीवरच्या रिमिक्समध्ये ध्रुपदच फिरून फिरून येतं, मधे बीट ड्रॉप होतो आणि गाणं पुढच्या गाण्यात मिसळतं. कॉलेजच्या स्पर्धेत वेळ चार मिनिटांचा, म्हणून आपण शेवटचं कडवं 'एडिट' करतो. म्हणजे कात्री नेमकी तिथंच चालते जिथं माणसानं आपलं नाव ठेवलंय. ॲपवर शोधलं तर ठळक अक्षरात गायक दिसतो, त्याखाली कंपनी. गीतकार बघायला तीन ठिपके दाबून आत जायचं, तेही माहिती भरली असेल तर.

मी डॉल्बीच्या विरोधात लिहीत नाहीये, गैरसमज नको. मी स्वतः त्यापुढं नाचणारी आहे. आवाजाचा प्रश्न वेगळा, त्यावर या पानावर आधीच भरपूर भांडणं झालीत. माझा प्रश्न साधा आहे. गाणं आपलं, मग गाणं लिहिणारा आपला का नाही?

आयर्लंडमध्येही हेच

कोल्हापूरकरांना फुटबॉलची भाषा लवकर कळते, म्हणून एक फुटबॉलचं उदाहरण. २०१२ च्या युरो कपमध्ये आयर्लंड स्पेनकडून ४-० असं हरलं आणि स्पर्धेबाहेर पडलं. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आयर्लंडचे हजारो समर्थक स्टेडियममध्ये एक गाणं गात राहिले. 'द फील्ड्स ऑफ अथेनराय' हे त्या गाण्याचं नाव. क्लिप बघा, अंगावर काटा येतो. शाहू स्टेडियमवर आपली पेठ हरत असतानाही पोरं कशी ओरडत राहतात, तसंच.

गाणं आहे १८४० च्या दशकातल्या तिथल्या भीषण दुष्काळाबद्दल. उपाशी पोरांसाठी धान्य चोरणाऱ्या बापाला जहाजातून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवतात, अशी गोष्ट. ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, हे त्या दुष्काळातलंच जुनं लोकगीत असणार. प्रत्यक्षात ते १९७९ साली डब्लिनच्या पीट सेंट जॉन या गीतकारानं लिहिलं. म्हणजे गाण्याची गोष्ट दीडशेहून अधिक वर्षं जुनी, पण गाणं आपल्या आई-वडिलांच्या वयाचं. गाणारे लाखो, पण लिहिणाऱ्याचं नाव किती जण सांगू शकतील?

लांब कशाला जायचं? आपल्याकडं गॅदरिंगला 'पिंजरा'तली लावणी होते आणि निवेदक सांगतो, 'पारंपरिक लावणी'. 'पिंजरा' आला १९७२ ला. लावण्या लिहिल्या जगदीश खेबुडकरांनी, संगीत राम कदमांचं. खेबुडकर म्हणजे आपल्या कोल्हापूरचे शिक्षक. २०११ मध्ये याच शहरात वारले. आपल्यातल्या अनेकांच्या घरात त्यांना वर्गात शिकवताना बघितलेलं कुणीतरी असेल. आणि त्यांच्याच गावात त्यांची लावणी 'पारंपरिक'! शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी लिहिलेली छक्कड आजही गाजते. तीसुद्धा मी 'लोकगीत' म्हणून अनाऊन्स झालेली ऐकलीय.

'लोकगीत झालं, हाच मान नाही का?'

हा लेख लिहितेय म्हटल्यावर माझा एक मित्र म्हणाला, "अगं, नाव विसरून लोकांनी गाणं आपलं मानलं, यापेक्षा मोठा पुरस्कार कुठला? वामनदादा स्वतः खूशच झाले असते."

हा मुद्दा हलका नाही. मी त्यावर दोन दिवस विचार केला. खरंच, स्वतःच्या नावासाठी झगडणारा माणूस आयुष्यभर वस्त्यावस्त्यांत फिरला नसता. चळवळीची गाणी फुकट वाटण्यासाठीच असतात. ती कुणीही गावीत, चाल बदलावी, शब्द इकडचे तिकडे व्हावेत. त्यावर पहारा बसवला तर गाणी मरतील.

पण मग माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. आपण नावं विसरतो ती कुणाची? माडगूळकरांचं भावगीत कुणी 'पारंपरिक' म्हणून अनाऊन्स करतं का? शांता शेळक्यांचं? सुरेश भटांची गझल? नाही करत. रेडिओनं पिढ्यान्‌पिढ्या 'गीत, संगीत, स्वर' असं तिन्ही सांगून सांगून ती नावं आपल्या कानात बसवली. ज्यांची गाणी त्या वाटेनं आली त्यांची नावं टिकली. ज्यांची गाणी वस्तीतून, जलशातून, मोर्चातून आली ती 'लोकांची' झाली. लोकांची झाली हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की ती कुणाचीच नाहीत. एकाच राज्यात, एकाच काळात लिहिणारे दोन कवी. एकाला 'कवी' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'परंपरा'. हा फरक आपोआप पडत नाही, आणि तो कुठल्या रेषेवर पडतो हे कोल्हापुरात राहून कळलं नाही तर कठीण आहे. याच जिल्ह्यातल्या माणगावात १९२० च्या मार्चमध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेब हे तुमचे पुढारी आहेत असं जाहीर सांगितलं. याच शहरानं बाबासाहेब हयात असताना, १९५० साली, बिंदू चौकात त्यांचा पुतळा उभारला. माणसाला त्याच्या हयातीत त्याचं श्रेय देण्याची आपल्याला सवय होती.

आणि परत त्या पत्राच्या प्रसंगाकडं येते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सहीच्या जागी अंगठा उठवला गेला, त्या घरातला पोरगा विशीत अक्षरं शिकतो आणि पुढं कितीतरी गाण्यांच्या शेवटी 'वामन' लिहितो. ही नुसती कवीची हौस नाही. ती सही आहे. आपण शेवटचं कडवं कापतो तेव्हा ती सही कापतो, आणि 'पारंपरिक' म्हणतो तेव्हा तिथं परत अंगठा उठवतो.

आता कुणी म्हणेल, पोरगी फारच भावूक झाली. तर मग कायद्याचं बोलू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकले तरी 'हे माझं आहे' असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार त्यात राखलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही मान्य झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालू राहतो. वामनदादा २००४ ला गेले. म्हणजे २०६४ संपेपर्यंत त्यांची गाणी कायद्यानंही 'पारंपरिक' होत नाहीत. आपण तोवर साठीच्या पुढं असू.

एवढं तर जमेल

अशा लेखाच्या शेवटी सरकारनं काय करावं याची यादी द्यायची पद्धत आहे. मी देणार नाही. स्मारक, अध्यासन, पुरस्कार, ते ज्यांचं त्यांनी बघावं. आपल्या हातात जे आहे तेवढंच सांगते.

एक, कार्यक्रमात निवेदन करत असाल तर गाण्यापूर्वी तीन नावं सांगा. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलं कुणी. पाच सेकंद लागतात. नाव माहीत नसेल तर 'गीतकार आम्हाला माहीत नाहीत, कुणाला माहीत असेल तर सांगा' असं म्हणा. प्रेक्षकांत एखादे ढोलकीवाले काका निघतातच. 'पारंपरिक' हा शब्द मात्र खात्री असेल तरच वापरा. तो 'माहीत नाही'चा सभ्य पर्याय नाही.

दोन, युवा महोत्सवासाठी समूहगीत किंवा लोकगीत बसवत असाल आणि वेळेसाठी कापावंच लागलं, तर मधलं कडवं कापा. शेवटचं ठेवा. ज्याचं नाव आहे त्याला स्टेजवर यायला जागा द्या.

तीन, रील टाका, जरूर टाका. कॅप्शनमध्ये हॅशटॅग असतात, त्यात गीतकाराचं एक नाव मावतं.

चार, कॉलेजच्या लायब्ररीत वामनदादांचा एखादा संग्रह आहे का विचारा. नसेल तर मागणीच्या रजिस्टरमध्ये लिहा. मी लिहून आलेय. ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं, पण नोंद करून घेतली.

शेवटी एक कबुली. इंटर्न म्हणून काम करताना, आपण दिवसभर फिरून आणलेली छोटी बातमी दुसऱ्या दिवशी बिननावाची छापून आली की किती जळफळाट होतो, ते मी अनुभवलंय. चार ओळींची बातमी असते, पुढच्या दिवशी तिच्यात भजी गुंडाळली जातात. तरी वाटतं, अरे, नाव पाहिजे होतं. चार ओळींसाठी माझं हे होतं, तर हजारो गाणी लिहिणाऱ्या माणसाचं काय?

यंदा १४ एप्रिलला बिंदू चौकात जाण्याआधी मी त्या कार्यक्रमातलं गाणं घरी बसून पूर्ण ऐकलं. हेडफोन लावून, फोन बाजूला ठेवून, पहिल्यांदाच शेवटपर्यंत. काका म्हणाले होते तसंच होतं. नाव तिथंच होतं.